उतारवयातील उच्च रक्तदाब

'वय झाले, आता रक्तदाब असायचाच,' असे आपल्याकडे घरोघरी म्हटले जाते. केस पिकतात, दात पडतात, गुडघे कुरकुरतात, तसाच रक्तदाबही वाढतो, अशी ही समजूत आहे. ती निरुपद्रवी असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु याच समजुतीपायी अनेक वृद्ध स्त्री-पुरुष रक्तदाब मोजून घेत नाहीत, मोजला तर औषध सुरू करीत नाहीत आणि सुरू केले तर महिन्या-दोन महिन्यांत सोडून देतात. पुढे एके दिवशी अंगाची एक बाजू लुळी पडते, वाचा जाते, आणि घरचे लोक म्हणतात की, कालपर्यंत बाबा अगदी धडधाकट होते. ते धडधाकट दिसत होते, हे खरेच आहे. उच्च रक्तदाबाचे वैशिष्ट्यच असे की, तो बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. डोके दुखणे, घेरी येणे, चिडचीड होणे ही त्याची लक्षणे म्हणून सांगितली जातात. तथापि त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. रक्तदाब मोजल्याखेरीज कळत नाही.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली. तीत ६० वर्षे व त्यापुढील वयाच्या सुमारे ३२ टक्के व्यक्तींनी आपल्याला उच्च रक्तदाबाचे निदान झाले असल्याचे सांगितले. म्हणजे जवळजवळ तिघांत एक. हा आकडा केवळ ज्यांना आपला विकार ठाऊक आहे त्यांचा आहे. ज्यांचा दंड कधीच पट्ट्यात बांधला गेला नाही, ते यात आलेले नाहीत.

दोन आकडे काय सांगतात

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त जोराने धमन्यांत ढकलले जाते. त्या वेळी धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब हा वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या दरम्यान हृदय सैल होते, त्या वेळचा दाब हा खालचा आकडा. इटलीतील वैद्य रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधावयाचा फुगणारा पट्टा वापरात आणला आणि १९०५ मध्ये रशियन शल्यविशारद कोरोत्कोव यांनी त्या पट्ट्याखाली धमनीचे आवाज ऐकून दोन्ही आकडे निश्चित करण्याची रीत दाखविली. आजही आपण हे आकडे 'मिलिमीटर पारा' या परिमाणातच सांगतो. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी केलेल्या मोजणीत वरचा आकडा १४० वा त्याहून अधिक, किंवा खालचा ९० वा त्याहून अधिक आढळला, तर त्यास सामान्यतः उच्च रक्तदाब म्हणतात.

तरुणपणी मोठ्या धमन्या रबराच्या नळीप्रमाणे लवचिक असतात. रक्ताचा लोंढा आला की त्या किंचित फुगतात आणि त्याचा आघात सोसतात. वयाबरोबर त्यांच्या भिंतींतील लवचिक तंतू झिजतात, चिवट तंतू वाढतात, काही ठिकाणी चुन्याचे क्षार साचतात. नळी ताठ झाली की लोंढ्याचा सारा जोर वरच्या आकड्यात उतरतो. उलट हृदय सैल असताना दाब धरून ठेवण्याची धमनीची शक्ती कमी झाल्यामुळे खालचा आकडा घसरतो. म्हणूनच साधारणतः पंचावन्न-साठीनंतर वरचा आकडा वाढत जातो आणि खालचा तेवढाच राहतो किंवा उतरतो. १७०/७५ असा रक्तदाब वृद्धांत वारंवार दिसतो. 'खालचा बरोबर आहे ना, मग चिंता नाही,' असे म्हणून तो सोडून दिला जातो. वस्तुतः या वयात मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांना असलेला धोका वरच्या आकड्यावरूनच अधिक चांगला कळतो.

'वय अधिक शंभर'

वयात शंभर मिळवावे आणि येईल तेवढा वरचा रक्तदाब योग्य समजावा, असा एक जुना ठोकताळा आहे. त्याप्रमाणे पंचाहत्तर वर्षांच्या गृहस्थांना १७५ हा दाब शोभून दिसावा! हा ठोकताळा आता टाकून दिला पाहिजे, आणि त्यामागे भक्कम पुरावा आहे.

१९८८ मध्ये ३२ देशांतील ५२ ठिकाणी केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहारातील मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध त्यात तपासला होता. ब्राझीलमधील यानोमामी आदिवासींसह चार समाज असे आढळले की, ज्यांच्या आहारात मीठ अत्यल्प होते. त्यांच्यात वयाबरोबर रक्तदाब जवळजवळ वाढतच नव्हता. हे लोक सडपातळ होते, कष्टाळू होते आणि मद्याशी त्यांचा संबंध थोडा होता, हेही लक्षात घ्यावे लागेल. सारे श्रेय एकट्या मिठाला देता येणार नाही. पण वय वाढले म्हणून रक्तदाब वाढलाच पाहिजे असा निसर्गाचा नियम नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

दुसरा प्रश्न उपचारांचा. वाढलेला दाब उतरविल्याने वृद्धांना लाभ होतो काय, याविषयी दीर्घकाळ खुद्द डॉक्टरांतही मतभेद होते. अमेरिकेत ६० वर्षांवरील ४,७३६ व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. या सर्वांचा वरचा आकडा १६० वा अधिक आणि खालचा ९० पेक्षा कमी होता. क्लोरथॅलिडोन या स्वस्त, लघवी वाढविणाऱ्या गोळीपासून उपचार सुरू केले होते. पाच वर्षांच्या हिशेबाने औषध न मिळालेल्या शंभरांपैकी आठांना पक्षाघात झाला; औषध मिळालेल्यांत हे प्रमाण पाचावर आले. पुढे २००८ मध्ये ऐंशी वर्षांपुढील ३,८४५ व्यक्तींच्या चाचणीत उपचारांमुळे एकूण मृत्यू सुमारे एक-पंचमांशाने घटल्याचे दिसून आले. ऐंशीव्या वर्षी औषध कशाला, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. मात्र त्या वयात दाब १५० च्या आसपास आणावा की आणखी खाली, हे रुग्णाची प्रकृती पाहून डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. अत्यंत अशक्त, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

ताटाची डावी बाजू

वय, आनुवंशिकता आणि स्त्रियांच्या बाबतीत ऋतुनिवृत्ती ही कारणे आपल्या हाती नाहीत. हाती असलेल्या कारणांत मिठाचा क्रमांक वरचा आहे. प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे साधारण एक चहाचा चमचा होते, आणि त्यात भाजी-आमटीतील, लोणच्या-पापडातील, फरसाण-बिस्किटांतील असे सर्व मीठ आले. वयपरत्वे मूत्रपिंडांची मीठ बाहेर टाकण्याची शक्ती कमी होते. त्यामुळे तेच मीठ तरुण नातवापेक्षा आजोबांचा दाब अधिक चढविते. शिवाय जिभेची चव मंदावते आणि आजोबाच वरून मीठ मागून घेतात.

आपल्या ताटाची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डाव्या बाजूला आधी मीठ वाढायचे, मग लिंबू, लोणचे, चटणी, पापड, कुरडई. देशावर भाकरीबरोबर ठेचा. ताकात घोळवून वाळविलेली सांडगी मिरची. कोकणात पावसाळ्यासाठी साठविलेले सुके बोंबील, सुकट आणि खारवलेले मासे. गरिबाच्या घरी भाजी नसेल त्या दिवशी भाकरी याच डाव्या बाजूच्या आधारे खाल्ली जाते. म्हणून 'लोणचे सोडा, ठेचा सोडा' असा उपदेश करणे सोपे आहे, पण त्याच्या जागी काय ठेवावयाचे हे सांगितल्यावाचून तो निरर्थक ठरतो. शेंगदाणा, तीळ, जवस, कारळ यांच्या चटण्या कमी मिठात होतात. लिंबू, आमसूल, चिंच, लसूण आणि कोथिंबीर यांनी मिठाची उणीव बरीच भरून निघते. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो आणि त्यातून सोडियम पोटात जाते, हे पुष्कळांना माहीत नसते. सैंधव हे रक्तदाबाला चालते, हाही असाच एक भ्रम आहे. सैंधव हे मुख्यतः मीठच होय, आणि त्यात बहुधा मिसळलेले आयोडीनही नसते.

शाळेत गणिताच्या तासाला सोडविता येईल असा एक हिशेब येथे देतो. पाच माणसांच्या कुटुंबाला दर माणशी ५ ग्रॅम या प्रमाणाने तीस दिवसांत ७५० ग्रॅम मीठ पुरले पाहिजे. किलोची पिशवी महिना संपण्यापूर्वीच रिकामी होत असेल आणि बाहेरचे खारे पदार्थही घरात येत असतील, तर मर्यादा ओलांडली आहे, हे मुलांना आपसूकच कळेल.

चीनच्या ग्रामीण भागातील ६०० गावांत झालेला एक प्रयोग पंचायत सदस्यांनी जाणून घेण्याजोगा आहे. पूर्वी पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा साठीपुढील उच्च रक्तदाबाच्या सुमारे २१ हजार व्यक्ती त्यात होत्या. निम्म्या गावांत त्यांना नेहमीच्या मिठाऐवजी, ज्यातील सुमारे पाव भाग पोटॅशियम क्लोराइड होता, असे मीठ दिले. जवळजवळ पाच वर्षांच्या निरीक्षणानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष आले : पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले होते. असे कमी सोडियमचे मीठ आपल्याकडेही दुकानांत मिळते. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा शरीरातील पोटॅशियम वाढविणारी औषधे घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते; रक्तदाबाच्या काही नित्याच्या गोळ्याही त्यात येतात. म्हणून वृद्धांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

मिश्री, वजन आणि गुडघ्याची गोळी

तंबाखूचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर विडी ओढणारा पुरुष येतो. महाराष्ट्रातील वृद्ध स्त्रियांची मिश्री मात्र नजरेआड राहते. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावली की निकोटिन तोंडातूनच रक्तात जाते, नाडी जलद होते आणि काही काळ रक्तदाब चढतो. दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावणारी आजी 'मला कसलेही व्यसन नाही' असे प्रामाणिकपणे सांगते; कारण तिच्या लेखी ते दात घासणेच असते. तपासणी करणाऱ्याने तंबाखू खाता का, एवढेच न विचारता मिश्रीविषयी नाव घेऊन विचारले पाहिजे.

वाढलेले वजन, बैठे जीवन, मद्यपान, अपुरी झोप ही कारणे सर्वपरिचित असल्याने त्यांचा विस्तार करीत नाही. मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार यांची रक्तदाबाशी जोडी जमली की धोका कितीतरी वाढतो. म्हणून रक्तदाब आढळल्यावर साखर व लघवीची तपासणी करावीच.

एका कारणाकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. गुडघे दुखतात म्हणून वृद्ध माणसे औषधाच्या दुकानातून, काही ठिकाणी तर किराणा दुकानातूनही, वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन् महिने खातात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या शरीरात मीठ व पाणी साठवून ठेवतात, रक्तदाब वाढवितात, चालू असलेल्या औषधाचा परिणाम कमी करतात आणि मूत्रपिंडांवरही ताण आणतात. औषध नियमित घेऊनही दाब का उतरत नाही, याचे उत्तर अनेकदा या गोळीत सापडते. पोटातील गॅससाठी रोज घेतला जाणारा सोडाही सोडियमच वाढवितो.

मोजण्याची रीत

ग्रामपंचायतीच्या आवारात शिबिर भरते. वृद्ध मंडळी उन्हातून चालत येतात, रांगेत उभी राहतात, मध्येच चहा दिला जातो, मग स्टुलावर बसवून लुगड्याच्या वा सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो आणि गप्पा चालू असतानाच आकडा लिहिला जातो. अशा आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. मोजणीपूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू नसावी, लघवीला जाऊन यावे, पाच मिनिटे पाठीला आधार देऊन स्वस्थ बसावे, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, उघड्या दंडावर पट्टा हृदयाच्या पातळीत असावा आणि त्या वेळी बोलू नये. दोनदा मोजावे. शिबिरात खुर्च्या, सावली आणि थोडा निवांतपणा यांची सोय करणे पंचायतीच्या हाती आहे. यंत्राइतकेच त्याला महत्त्व आहे.

काहींचा रक्तदाब डॉक्टरांना पाहताच चढतो आणि घरी बरोबर असतो. एका दिवसाच्या मोजणीवरून जन्माची गोळी ठरवू नये ती यासाठीच. दाब फारच चढलेला असेल तर मात्र वाट पाहू नये.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक मोजणी आवश्यक असते, ती उभे राहिल्यानंतरची. उठून उभे राहताच तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरत असेल, तर रात्री लघवीसाठी उठताना तोल जाऊन मांडीचे हाड मोडण्याची भीती असते. अशा माणसाचे औषध फार जपून वाढवावे लागते. घरच्यांनी त्याला आधी खाटेवर बसायला, मग सावकाश उठायला शिकवावे आणि रात्री दिवा लावून ठेवावा.

औषध आणि ते सोडण्याची कारणे

रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासात मुंबईला मानाचे स्थान आहे. येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या मुळीच्या उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि या भारतीय वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. या औषधाने काही रुग्णांत तीव्र उदासीनता येते असे पुढे दिसून आले, आणि त्याहून सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले. असे असताना कोणाच्या तरी सांगण्यावरून सर्पगंधेची पूड आणून अंदाजाने घेणे धोक्याचे आहे, विशेषतः वृद्धांनी.

आज ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन या जुन्या, स्वस्त गोळ्यांवर बहुतेकांचा रक्तदाब आटोक्यात राहतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरलेली औषधयोजना, घराजवळच्या केंद्रात विनामूल्य गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून न आलेल्याचा पाठपुरावा, हे त्याचे सूत्र. यातील अखेरचा भाग सर्वांत कठीण आहे. निदान करणे एका दिवसाचे काम. गोळी वर्षानुवर्षे चालू ठेवणे हे खरे काम.

गोळी का सुटते? दाब उतरला की रुग्णाला वाटते, आपण बरे झालो. कधी पाय सुजतात. ॲम्लोडिपिनने काहींना अशी सूज येते, पण ते न सांगताच गोळी बंद केली जाते. सांगितले तर डॉक्टर मात्रा कमी करतात वा गोळी बदलतात. कधी मुलगा शहरात असतो आणि दोन कोसांवरच्या केंद्रापर्यंत नेणारे कोणी नसते. कधी केंद्रातच गोळ्या संपलेल्या असतात. दोनदा रिकाम्या हाताने परतलेली आजी तिसऱ्यांदा जात नाही. येथे दोष तिचा नाही, पुरवठ्याचा आहे, आणि तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांनी तो तसाच मानला पाहिजे.

आषाढी वारीला निघणारी वृद्ध मंडळी घरून कपडे, अंथरूण, टाळ सारे घेतात, गोळ्या मात्र देवघरातील फडताळात राहतात. आळंदी-पंढरपूर वाटचाल अडीच-तीन आठवड्यांची असते. निघण्यापूर्वी महिनाभराच्या गोळ्या बरोबर देणे हे आशा कार्यकर्तीला सहज करता येण्यासारखे आहे. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्याचाही विचार हवा. उष्म्याने रक्तदाब एरवीही थोडा उतरतो. त्यात घाम, जुलाब आणि लघवी वाढविणारी गोळी यांची भर पडली की वृद्ध माणूस भोवळ येऊन पडतो. एप्रिल-मे महिन्यांत अशा रुग्णांची एकदा फेरतपासणी करून औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. थंडीत दाब पुन्हा चढतो, तेव्हा तीच मात्रा अपुरी पडू शकते.

पक्षाघाताचा झटका आल्यास

इतके करूनही झटका येऊ शकतो. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही गोष्ट अकस्मात दिसली, तर १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. कांदा हुंगविणे, तोंडात पाणी घालणे, अंग चोळत बसणे यांत वेळ घालवू नये. गिळता येत नसताना पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाते. घरात असलेली रक्त पातळ करणारी गोळीही देऊ नये, कारण झटका गुठळीमुळे आहे की रक्तस्रावामुळे, हे मेंदूचे चित्र काढल्याखेरीज समजत नाही. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन झटका सुरू झाल्यापासून सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. तेव्हा जेथे मेंदूचे असे चित्र काढण्याची सोय आहे, ते सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे पंचायतीने आधीच विचारून ठेवावे आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या फलकावर लिहावा. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून, त्याच्या चालू गोळ्यांच्या पाकिटांसह सोबत द्यावी. रुग्णालयात पहिल्याने विचारतात ते हेच.